मूत्रमार्ग संसर्ग (प्रौढांतील)

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रनलिका यांपैकी कोठेही जंतू वाढून होणारा दाह. बहुतेक रुग्णांत तो एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जंतूमुळे होतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून हा जंतू मूत्रनलिकेत शिरतो आणि अंगावरील सूक्ष्म तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. त्यामुळे लघवीच्या धारेने तो सहज धुऊन जात नाही. स्त्रियांची मूत्रनलिका सु. ४ सेंमी., तर पुरुषांची सु. २० सेंमी. लांब असते. स्त्रियांत हा विकार अधिक आढळण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

लघवीत जंतू सापडले म्हणजे संसर्ग झालाच, असे नाही. दर मिलिलिटरला १,००,००० जंतुवसाहती (प्रयोगशाळेत नमुन्यातील जंतू वाढवल्यावर दिसणारे ठिपके) ही सीमा १९५० च्या दशकात एडवर्ड कास यांच्या संशोधनातून रूढ झाली. नमुन्यात त्वचेवरून मिसळलेले जंतू आणि मूत्राशयातील जंतू यांतला फरक कळावा, हा तिचा हेतू. पुढे मात्र ती सरसकट लावली गेली. वॉल्टर स्टॅम व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये लघवीला जळजळ होणाऱ्या स्त्रियांत १०० वसाहतीही अर्थपूर्ण ठरतात, असे दाखवले. लक्षणे स्पष्ट असताना हेच मत अधिक ग्राह्य आहे. उलट, लक्षणे नसतील तर लाखावरचा आकडाही सहसा प्रतिजैविकाचे कारण ठरत नाही. गर्भारपण आणि मूत्रमार्गातील रक्तस्रावी शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. वृद्धांना व कॅथेटर (मूत्राशयात बसवलेली नळी) असलेल्यांना केवळ अहवाल पाहून औषधे दिली जातात, ती बहुधा अनावश्यक असतात आणि जंतूंची औषधांना दाद न देण्याची शक्ती वाढवतात.

नमुन्यासाठी सुरुवातीची धार सोडून मधली लघवी घ्यावी. ती २ तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसेल तर सु. ४° से. तापमानात ठेवावी, एरवी बाटलीतच जंतू वाढून आकडा फुगतो. लघवीत बुडवायच्या पट्टीवरील नायट्राइट (अनेक जंतू लघवीत तयार करतात तो पदार्थ) चाचणीसाठी लघवी मूत्राशयात सु. ४ तास साठलेली असावी लागते. एंटेरोकॉकससारखे जंतू नायट्राइट तयार करीत नाहीत. म्हणून ही चाचणी नकारात्मक आली तरी संसर्ग नाही असे म्हणता येत नाही.

मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गावर नायट्रोफ्युरँटोइन (५ दिवस) किंवा फॉस्फोमायसिन (३ ग्रॅ., एकच मात्रा) देतात. ही औषधे मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेशी पोचत नाहीत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या ही लक्षणे असल्यास या औषधांवर विसंबू नये. त्याच दिवशी वैद्यकीय उपचार हवेत.

वारंवार जळजळ होते, पण जंतू वाढत नाहीत, अशा वेळी श्रोणितलाचे (ओटीपोटाच्या तळाचे, मूत्राशयाला आधार देणारे) आखडलेले स्नायू किंवा वेदनायुक्त मूत्राशय विकार यांचा विचार करावा. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हे स्नायू आवळण्याचा व्यायाम खोकताना किंवा शिंकताना लघवी गळत असल्यास उपयोगी पडतो. आखडलेल्या स्नायूंत मात्र त्याने वेदना वाढू शकतात. तेथे स्नायू सैल सोडण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते.