बंदूक गजात का अडकली?

माझ्या टेबलावर एक छोटी प्लास्टिकची बाटली असते. तिच्यात गॅलियम नावाचा धातू आहे. तो २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड हवेच्या गावात तो वितळलेला बघायचा तर मुठीत धरून बसावं लागतं. आमच्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काहीच करावं लागत नाही. सकाळी दहा वाजता बाटली हलवली की आत चांदीचं पाणी डुचमळतं. शिकवणीला येणारी मुलं ती हातात घेतात आणि हमखास विचारतात, "सर, हे टर्मिनेटरमधलं आहे का ओ?"

ही मुलं शाळेत जाणारी आणि 'टर्मिनेटर २' आहे १९९१ सालचा. जेम्स कॅमेरॉनच्या या चित्रपटातला खलनायक, टी-१०००, द्रवरूप धातूचा आहे. तो फरशीतून वर येतो, गोळी लागली की भोक बुजवतो, पोलिसाच्या रूपात फिरतो. त्यानंतर संगणकावर किती प्रचंड राक्षस तयार झाले, तरी मुलांच्या मनात हाच राहिला. मी त्याचं कारण बरीच वर्षं शोधत होतो. ते मला एका छोट्या प्रसंगात सापडलं.

रुग्णालयातल्या लोखंडी गजांच्या दरवाजातून तो सरळ चालत आरपार जातो. चेहरा गजांवर दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. पण हात मागे अडकतो, कारण हातात बंदूक आहे. खण्ण असा आवाज होतो. तो मनगट वळवतो, बंदूक उभी करतो आणि ओढून घेतो. बंदूक त्याच्या अंगातली नाही, साधी घट्ट वस्तू आहे, म्हणून ती वितळत नाही. आधीच्या एका प्रसंगात सांगितलेलंच असतं की हलते भाग किंवा रसायनं असलेलं यंत्र त्याला होता येत नाही, सुरी किंवा टोकदार सळई होता येते. पुढे सगळा चित्रपट या मर्यादेत चालतो. हवं ते करू शकणाऱ्या राक्षसाला आपण दोन मिनिटांत कंटाळतो. याला नियम आहेत, म्हणून आता हा काय करेल याचा अंदाज आपण स्वतः बांधत राहतो.

हा नियम आपल्याला इतक्या चटकन पटतो, कारण डोळ्यांनी तो आधीच पाहिलेला असतो. माझ्या लहानपणी ताप मोजताना थर्मामीटर हातातून निसटला आणि शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मणी पसरले. कागदाच्या कडेनं ढकलले की दोन मणी एकमेकांजवळ यायचे, क्षणभर थबकायचे आणि एकदम एक व्हायचे. (पारा विषारी आहे, तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आता माहीत आहे, तेव्हा हे करू नये.) पाऱ्याचा पृष्ठताण पाण्याच्या सहा-सात पट असतो. पृष्ठभागावरच्या अणूंना आतले अणू ओढून धरतात, म्हणून थेंब कमीत कमी पृष्ठभाग ठेवायला बघतो, गोल होतो आणि शेजारचा थेंब शिवला की त्यात मिसळतो. वितळलेल्या गॅलियमचा पृष्ठताण याहूनही जास्त आहे. फक्त हवेत त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तो काचेला चिकटतो. शेवटी टी-१०००चे थेंब फरशीवरून एकत्र येतात, तेव्हा प्रेक्षकाला ते खोटं वाटत नाही.

दृश्यं जुनी वाटत नाहीत यामागे कारागिरीही आहे. त्या काळच्या संगणकाला माणसाची कातडी, केस, कापड जमत नव्हतं, पण आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावरचं प्रतिबिंब जमत होतं. म्हणजे संगणकाला जे येत होतं, तेच त्याच्याकडून मागितलं गेलं. शिवाय संगणकाची दृश्यं मिळून पाच-सहा मिनिटांपेक्षा फारशी जास्त नाहीत. छातीवर गोळ्यांनी उमलणारी ती चंदेरी फुलं स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी हातानं घडवलेली, स्प्रिंगवर उघडणारी होती. खलनायक पहारेकऱ्याचं रूप घेतो, तिथं खरोखरचे जुळे भाऊ आहेत. शेवटचा पोलाद कारखाना कॅलिफोर्नियातल्या फोंटानाचा, खरोखर बंद पडलेला. दिवे लावून तो पेटता दाखवला. बंद गिरणीत पुन्हा उजेड दिसला की कसं वाटतं, ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

पण एका ठिकाणी माझं आणि चित्रपटाचं जमत नाही. द्रव नायट्रोजनचा टँकर फुटतो, टी-१००० त्यातून चालताना गोठतो आणि एका गोळीत त्याचा चुरा होतो. द्रव नायट्रोजन आमच्या जिल्ह्याला नवा नाही. कृत्रिम रेतनासाठी गाई-म्हशींच्या रेतमात्रा त्यातच, उणे १९६ अंशांना ठेवतात. कंटेनरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ खाली सांडते, ती गोठ्यातल्या पोरांनीही पाहिली आहे.

त्या टँकरचा हिशेब मी करून पाहिला. शंभर किलो लोखंड तिथपर्यंत थंड करायला साधारण ४०-५० किलो द्रव नायट्रोजनची वाफ व्हावी लागेल. टँकरमध्ये तर तो टनांनी असतो, म्हणजे माल पुरेसा आहे. अडचण वेळेची आहे. भाकरीचा तवा खूप तापला की पाण्याचा थेंब त्यावर नाचत राहतो, लवकर आटत नाही, कारण खालची वाफ त्याला तव्याला टेकू देत नाही. नायट्रोजनच्या मानानं आपलं अंगसुद्धा तापलेला तवाच. त्यामुळे सुरुवातीला वाफेची गादी मध्ये येते आणि गोठणं लांबतं. चुरा होण्याचं म्हणाल तर साधं पोलाद थंडीत खरंच ठिसूळ होतं. पारा मात्र उणे ३८.८ अंशांना गोठून शिशासारखा मऊ राहतो. त्याची हातोडी करून खिळा ठोकून दाखवतात. टी-१००० पाऱ्याचा असता तर गोळीनं फार तर खड्डा पडला असता.

२०२३ साली अमेरिका आणि चीनमधल्या संशोधकांनी गॅलियममध्ये चुंबकीय कण मिसळून एक छोटी बाहुली केली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं ती तापून वितळली, पिंजऱ्याच्या गजांतून बाहेर आली. हा व्हिडिओ मी मुलांना दाखवला. सगळे ओरडले. मग मी सांगितलं की बाहेर आलेला तो नुसता गोळा होता. त्याला पुन्हा बाहुलीचा आकार द्यायला माणसांनी साचा वापरला.

वर्ग जरा शांत झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग पिक्चरमध्ये साचा कुठंय सर? थेंबाला कसं कळतं, आपण नाक व्हायचं का बोट?"

चित्रपट याचं उत्तर देत नाही. पृष्ठताणानं थेंब जवळ येतात, एक होतात, पण त्यानं होतो तो गोलच. नाक घडवायचं तर नाकाचा नकाशा कुठंतरी लिहिलेला हवा, आणि शरीराचे तुकडे होऊनही तो टिकायचा तर प्रत्येक थेंबात हवा. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तसा नकाशा असतो. धातूच्या थेंबात तो कसा लिहायचा, हे आज कोणालाच माहीत नाही. मी तिला तेवढंच सांगितलं. तिनं बाटली उचलली, उन्हात धरली आणि आतला थेंब काचेच्या गोटीएवढा होईपर्यंत हळूहळू तिरकी करत राहिली.