टॉर्क-स्पीड कर्व्ह (इंडक्शन मोटर)

इंडक्शन मोटर कुठल्या स्पीडला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते ते दाखवणारा ग्राफ. मोटर जागेवर उभी असताना मिळतो तो स्टार्टिंग टॉर्क, पुढे स्पीडबरोबर टॉर्क चढत जाऊन साधारण फुल लोडच्या दोन-तीन पटीला शिखर गाठतो (पुल-आउट टॉर्क) आणि तिथून सिंक्रोनस स्पीडला (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र फिरतं तो स्पीड) शून्यावर येतो. 50 हर्ट्झवरच्या 4 पोल मोटरचा सिंक्रोनस स्पीड 1500 आरपीएम, पण नेमप्लेटवर 1440 च्या आसपास आकडा असतो, कारण मोटर या शेवटच्या उतारावर चालते, हा फरक म्हणजे स्लिप.

इंडक्शन मोटरचा शोध कोणाचा यावर वाद जुनाच आहे. इटलीत तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिसने 1885 च्या सुमारास फिरतं चुंबकीय क्षेत्र करून दाखवलं आणि मार्च 1888 मध्ये निबंध वाचला, निकोला टेस्लाची अमेरिकन पेटंटं मे 1888 ची, अर्ज मात्र 1887 चे. आपल्याला कल्पना 1882 मध्येच सुचली असं टेस्ला सांगायचा, पण ते त्याचंच म्हणणं. गंमत अशी की फेरारिसला ही मोटर धंद्याच्या कामाची वाटलीच नाही. त्याचा रोटर (मोटरचा फिरणारा भाग) तांब्याचा सिलिंडर, रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे कर्व्ह जवळपास सरळ रेष, स्पीड वाढला की टॉर्क कमी. अशा रेषेवर जास्तीत जास्त पॉवर अर्ध्या स्पीडला मिळते आणि तिथे निम्मी ऊर्जा रोटरमध्येच उष्णता होऊन जाते. गणित बरोबरच होतं, रोटर चुकीचा होता. तत्त्वाचं श्रेय दोघांना वाटून द्यायला हरकत नाही, पण आजचा कर्व्ह ज्याला म्हणतो तो खरं तर जर्मनीच्या एईजी कंपनीतला इंजिनिअर दोलिवो-दोब्रोवोल्स्की याच्या 1889 च्या थ्री-फेज केज रोटरचा (टोकांना जोडलेल्या दांड्यांचा पिंजरा) मानणं जास्त योग्य.

रोटरचा रेझिस्टन्स वाढवला तर शिखराची उंची तीच राहते, फक्त ते कमी स्पीडकडे सरकतं. स्लिप रिंग मोटर (हिच्या रोटरला बाहेरून रेझिस्टन्स जोडता येतो) याच जोरावर क्रेनचं ओझं जागेवरून उचलते.

व्होल्टेजचं मात्र जपावं लागतं, टॉर्क त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे 80 टक्के व्होल्टेजला टॉर्क 64 टक्केच. संध्याकाळी लाइनचं व्होल्टेज पडलं की शेतावरचा पंप स्लिप वाढवतो, करंट जास्त खेचतो आणि वायंडिंग जळते ते यामुळेच. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टात घेतात) स्टार्टिंग टॉर्क एक तृतीयांश होतो, तरी सेंट्रिफ्युगल पंप आरामात सुटतो कारण त्याचा लोड स्पीडच्या वर्गाने वाढत जातो, सुरुवातीला नसल्यातच जमा. भरलेला कन्व्हेयर तसा उठेलच असं नाही, तिथे स्लिप रिंग नाहीतर व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड सांभाळणारा ड्राइव्ह).