काल्पनिक पात्रं आणि त्यांच्या नावांचं कायदेशीर संरक्षण

काल्पनिक पात्र म्हणजे लेखकाने, चित्रकाराने किंवा सिनेमावाल्याने मनातून उभा केलेला माणूस, प्राणी, भूत, काहीही. ते कोणी ढापलं तर काय करायचं याचा आपल्याकडे वेगळा कायदा नाहीये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात साहित्य, नाटक, संगीत, चित्रं, सिनेमा, ध्वनिमुद्रण अशी यादी आहे पण ‘पात्र’ त्यात नाही, त्यामुळे पात्राला संरक्षण मिळतं ते मूळ कलाकृतीचा भाग म्हणूनच.

नाशिककरांना पटकन कळेल असं उदाहरण शूर्पणखेचं. पंचवटीत तिचं नाक कापलं ही कथा कोणाच्याच मालकीची नाही, कोणीही त्यावर नाटक लिहावं, कॉमिक काढावं. पण समजा इथल्याच एखाद्या पोरीने तिची शूर्पणखा काढली, चांदीचं नाक लावलेली, रविवार कारंजावर रिक्षा चालवणारी, चिडली की उलटे आकडे मोजणारी, तर ते चांदीचं नाक, ती रिक्षा, ती खोड असं सगळं मिळून जे उभं राहिलं ते त्या पोरीचं. नुसती ‘रिक्षावाली राक्षसीण’ एवढी आयडिया मात्र कोणाचीच नाही. कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडली कशी त्यावर असतो हे सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच आर. जी. आनंद केसमध्ये सांगून ठेवलंय.

किती वर्षं? लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतरची ६० वर्षं, मोजायची पुढच्या १ जानेवारीपासून. आपले कुसुमाग्रज १० मार्च १९९९ला गेले, म्हणजे ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर २०५९ संपेपर्यंत संरक्षित. पोरांनी घराबाहेर काढलेला म्हातारा नट कोणीही लिहू शकतो, पण अप्पांची स्वगतं उचलली की कॉपीराइटचा भंग झालाच.

चित्रातल्या पात्राची चोरी सिद्ध करणं सोपं जातं कारण दोन्ही चित्रं शेजारी ठेवता येतात. ‘नागराज’ कॉमिक्सवाल्यांनी ‘नागेश’ काढणाऱ्यांवर दिल्ली हायकोर्टात केस केली होती, हिरवं खवल्यांसारखं अंग, लाल चड्डी, सापासारखा पट्टा, दोघांचं सारखंच, आणि १९९७ साली नागेशला मनाई झाली. शब्दातलं पात्र जितकं पुसट तितकं हातातून निसटतं.

नावाचं तर अजून अवघड. नुसत्या नावाला कॉपीराइट जवळपास मिळतच नाही. तिथे ट्रेडमार्क, म्हणजे मालाची ओळख म्हणून नोंदवलेलं नाव किंवा चिन्ह, कामाला येतो, पण तो माल किंवा सेवेच्या वर्गाप्रमाणे घ्यावा लागतो, म्हणजे पुस्तकं वेगळा वर्ग, कपडे वेगळा, खेळणी वेगळा. मुदत १० वर्षं आणि पुढे कितीही वेळा रिन्यू करता येतो. नोंदणी नसेल तरी नाव लोकांत गाजलेलं असेल तर त्याच्या आडून आपला माल खपवणाऱ्याला अडवता येतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मालकीचं. नोकरीत असताना काढलेल्या पात्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, बहुतेक वेळा मालकाकडे जातो. मल्याळी व्यंगचित्रकार टॉम्स यांनी ‘बोबन आणि मोळी’ ही जोडी वर्तमानपत्रात नोकरीला लागायच्या आधीच काढलेली होती म्हणून केरळ हायकोर्टाने त्यांना ती नोकरी सोडल्यावरही काढू दिली. म्हणून पहिल्या स्केचवर तारीख टाका, करारात पात्राचं नाव घालून घ्या. कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण पुरावा म्हणून चालतं. आणि मुंबईलाच जावं लागेल असंही नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे हक्कदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे नाशिककराला नाशिकमध्येच.