वीज वाचते ती शेवटच्या टोकाला

औष्णिक वीजकेंद्रात कोळशातून १०० एकक ऊर्जा मोकळी झाली, तर त्यातली साधारण ३० एकक विजेच्या रूपात बाहेर पडते. तारा आणि ट्रान्सफॉर्मर पार करताना थोडी आणखी कमी होते, २७ उरतात. ही वीज एखाद्या कारखान्यातल्या पंपाला मिळाली, की मोटर तापते आणि तिथे दोन-तीन एकक जातात. पंपाच्या आत चौथा हिस्सा जातो. पुढे प्रवाह आवरण्यासाठी अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह असतो, तो उरलेल्यातला एक तृतीयांश गिळतो. मग पाइपातले घर्षण. पाणी जिथे हवे तिथे पोहोचते, तेव्हा १०० पैकी जेमतेम १० एकक कामी आलेली असतात.

हा हिशेब अमेरिकी ऊर्जातज्ज्ञ एमरी लव्हिन्स अनेक वर्षे मांडत आले आहेत. आकडे ढोबळ आहेत आणि केंद्रानुसार, यंत्रानुसार बदलतात. पण तो ऐकल्यावर आपण नुसते हळहळतो आणि त्यातली खरी मोलाची गोष्ट नजरेतून सुटते. हीच साखळी उलट वाचून पाहा. शेवटच्या टोकाला, म्हणजे पाइपात, एक एकक ऊर्जा कमी लागली तर वीजकेंद्रात दहा एकक कोळसा वाचतो. वाटेतली प्रत्येक गळती आता बचतीला गुणत जाते. ऊर्जा वाचवणारे नवे तंत्रज्ञान म्हटले की आपले लक्ष यंत्राकडे जाते. ते जायला हवे यंत्राच्याही पुढे, जिथे काम होते तिथे.

पाइपाचेच घ्या. प्रवाह तेवढाच ठेवून पाइपाचा व्यास वाढवला, तर घर्षणात जाणारी ऊर्जा व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने कमी होते. व्यास दीडपट केला की घर्षण सुमारे साडेसात पटींनी घटते. दुप्पट केला तर बत्तीस पटींनी. पाणी वाहून नेण्याच्या इतक्या जुन्या कामात एवढा मोठा फायदा उघड्यावर पडलेला असताना पाइप अरुंद का बसवले जातात? कारण पाइपाचा खर्च आणि पुढच्या काही वर्षांत वाचणारी वीज एवढ्या दोनच गोष्टींची तुलना होते. रुंद पाइपामुळे पंप लहान चालतो, मोटर लहान चालते, पॅनेल आणि केबलही लहान चालतात, हा खर्च कमी झाल्याचे त्या तुलनेत कुठेच दिसत नाही.

१९९७ साली डच अभियंता यान स्खिलहाम यांनी शांघायमधल्या एका कार्पेट कारखान्याचा पंपिंगचा आराखडा नव्याने केला. मूळ आराखड्यात पंपांसाठी ९५ अश्वशक्ती धरली होती, ती ७ अश्वशक्तीवर आली. त्यात कोणताही नवा शोध वापरलेला नव्हता. त्यांनी पाइप रुंद घेतले आणि पंप लहान घेतले. शिवाय पाइपांची जागा आधी ठरवली आणि यंत्रे नंतर मांडली. एरवी यंत्रे आधी कुठेतरी बसतात आणि मग त्यांना जोडणारे पाइप वळणे घेत, एल्बोमागून एल्बो लावत फिरतात. प्रत्येक वळणावर पंपाला जास्तीचा जोर लावावा लागतो, आणि तोही यंत्रणा चालेल तितकी वर्षे.

आता साखळीत एक पाऊल मागे, मोटरीकडे येऊ. जगातली ४० टक्क्यांहून जास्त वीज मोटरी वापरतात, म्हणून मोटरीच्या कार्यक्षमतेला आंतरराष्ट्रीय प्रतवारी आहे. साडेसात किलोवॉटची, चार ध्रुवांची आयई-१ दर्जाची मोटर पूर्ण भारावर ८६ टक्के कार्यक्षम असते, तर आयई-४ दर्जाची ९२.६ टक्के. वर्षाला ६,००० तास पूर्ण भाराने चालवली तर या फरकातून सुमारे ३,७०० युनिट वाचतात. ही बचत चांगलीच आहे, पण शेजारी दुसरा आकडा ठेवा. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप यांना लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते. उत्तम मोटर घेतल्याने सात टक्के वीज वाचते. हवा तेवढाच प्रवाह दिल्याने निम्मी.

वेग कमी-जास्त करण्याचे हे काम व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, करते. मोटरीला मिळणाऱ्या विजेची वारंवारिता बदलून ती मोटरीचा वेग बदलते, आणि अर्धवट बंद ठेवलेल्या व्हॉल्व्हची गरज उरत नाही. एक गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. हा घनाचा नियम घर्षणाविरुद्ध चालणाऱ्या यंत्रणेत पुरेपूर लागू पडतो. पाणी उंच टाकीत चढवायचे असेल, तर उंचीपुरता दाब द्यावाच लागतो. तिथे वेग कमी करून होणारी बचत बरीच कमी असते आणि वेग फार उतरला तर पाणी वर चढतच नाही.

व्हीएफडी, चार्जर, सौर इन्व्हर्टर या सगळ्यांच्या पोटात सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे अर्धवाहक स्विच असतात. आजवर ते सिलिकॉनचे असत. आता सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइड त्यांची जागा घेऊ लागले आहेत. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला बंधनातून सुटायला १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, गॅलियम नायट्राइडमध्ये ३.४. त्यामुळे पातळ थरही जास्त व्होल्टेज सहन करतो. थर पातळ म्हणून रोध कमी, आणि स्विच झटकन चालू-बंद होतो म्हणून उष्णताही कमी. नवे चार्जर मुठीत मावतात ते यामुळे.

याच गॅलियम नायट्राइडने त्याआधी दिवा बदलून टाकला होता. लाल आणि हिरवे एलईडी होते, पण निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा प्रकाश नाही. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या पदार्थाचे नीट स्फटिक वाढवून तेजस्वी निळा एलईडी घडवला. २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. तंतूच्या बल्बमध्ये तार सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापवावी लागते आणि विजेचा जेमतेम विसावा भाग दृश्य प्रकाश होतो. ६० वॉटच्या बल्बइतका उजेड एलईडी आठ-नऊ वॉटमध्ये देतो. शिवाय दिवा कमी तापला की खोलीही कमी तापते, आणि तिथे एसी असेल तर त्याचाही भार हलका होतो.

खोली गरम करण्याच्या बाबतीत हेच गणित आणखी रंगतदार होते. साधा हीटर एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त देऊच शकत नाही. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून आत आणतो आणि एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता देतो. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती. हीट पंप किती देऊ शकतो याची कमाल मर्यादा आत आणि बाहेर किती अंशांचे अंतर आहे त्यावर ठरते. बाहेर ५ अंश असताना रेडिएटरमध्ये ५५ अंशांचे पाणी हवे असेल, तर ही मर्यादा साडेसहा पट आहे. ३५ अंशांचे पाणी पुरत असेल तर दहा पटींच्या वर जाते. प्रत्यक्ष यंत्रे याच्या निम्म्याच्या आसपास पोहोचतात, पण प्रमाण तेच राहते. आणि ३५ अंशांचे पाणी कुठे पुरते? जिथे भिंतींना, छताला चांगले इन्सुलेशन आहे आणि फटी बुजवल्या आहेत तिथे. म्हणजे हीट पंपाची कार्यक्षमताही पुन्हा शेवटच्या टोकालाच ठरते.

थंड करण्याच्या बाजूने मला सर्वांत आशादायक वाटते ती वीज न वापरणारी एक युक्ती. ८ ते १३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना वातावरण फारसे अडवत नाही. या तरंगलांबीत उष्णता बाहेर टाकणारा आणि सूर्यप्रकाश जवळजवळ पूर्ण परतवणारा पृष्ठभाग केला, तर तो आपली उष्णता थेट अवकाशात सोडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात अश्वत रामन, शानहुई फान आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली असा पातळ थरांचा पृष्ठभाग भर उन्हात ठेवला. तो आजूबाजूच्या हवेपेक्षा सुमारे पाच अंश थंड राहिला. त्यातून मिळणारी थंडाई चौरस मीटरला सुमारे ४० वॉट, म्हणजे माफक आहे, आणि आकाश ढगाळ किंवा दमट असेल तर आणखी घटते. तरीही एसीला जी उष्णता बाहेर फेकावी लागते, तीच कमी करणारा हा मार्ग आहे.

या सगळ्यावर एक आक्षेप १८६५ पासून उभा आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी दाखवले होते, की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तसा कोळशाचा एकूण खप वाढला. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो, हे खरेच आहे. मात्र दिवा स्वस्त झाला म्हणून कुणी पाचपट उजेडात बसत नाही, आणि पाइप रुंद झाला म्हणून कारखान्याला जास्त पाणी लागत नाही. गरज जिथे भागलेली असते तिथे बचत बहुतांशी टिकते. जिथे भागलेली नसते, तिथे त्याच ऊर्जेत जास्त लोकांचे काम होते, आणि तोही मला तोटा वाटत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. जमिनीत आणि भिंतीत गेलेले पाइप कित्येक दशके तिथेच राहतात, मोटर पंधरा-वीस वर्षे चालते. बदल करायची संधी आराखडा करताना मिळते, नाहीतर मोटर जळाल्यावर. त्या दिवशी उत्पादन थांबलेले असते, घाई असते, आणि तेवढ्याच अश्वशक्तीची मोटर मागवली जाते किंवा जुनीच रिवाइंड होते. म्हणून मोजमाप त्या दिवसाच्या आधी झालेले हवे: पंप प्रत्यक्ष किती किलोवॉट ओढतो, व्हॉल्व्ह किती बंद ठेवलेला असतो, आणि पाणी मुळात किती लागते.