हूकर एन हीट

हूकर एन हीट : ब्लूजच्या (आफ्रिकी-अमेरिकी लोकगायनातून आलेल्या संगीताच्या) पायावर उभा असलेला, बूगी रॉक म्हणजे सतत घुमणाऱ्या ठेक्याच्या रॉक शैलीतील अमेरिकी अल्बम, दोन तबकड्यांचा संच. ब्लूज गायक व गिटारवादक जॉन ली हूकर आणि लॉस एंजेलिसचा बँड कॅन्ड हीट यांनी तो मे १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित केला. लिबर्टी रेकॉर्ड्स या कंपनीने १९७१ च्या सुरुवातीस तो प्रकाशित केला.

हूकर मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल परिसरातला. गिटार त्याला सावत्र वडील विल मूर याने शिकवली. एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) घोळत राहायचे आणि ठेका सोडायचा नाही, ही मूरची रीत हूकरने जन्मभर जपली. डेट्रॉइटच्या कारखान्यांत झाडलोटीची कामे करत असताना १९४८ साली त्याने ‘बूगी चिलन’ मुद्रित केले. त्यात आहे एक आवाज, एक इलेक्ट्रिक गिटार आणि जमिनीवर आपटणारा त्याचा पाय. १९४९ मध्ये हे गाणे अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

कॅन्ड हीट १९६५ मध्ये सुरू झाला. बॉब हाइट आणि अ‍ॅलन विल्सन हे त्याचे दोन मुख्य आधार, दोघेही जुन्या ब्लूज तबकड्यांचे वेडे. बँडचे नावही ब्लूज गायक टॉमी जॉन्सनच्या १९२८ च्या एका गाण्यावरून घेतलेले. विस्मृतीत गेलेला ब्लूज गायक सन हाउस १९६४ मध्ये पुन्हा सापडला, तेव्हा त्याची स्वतःचीच गाणी त्याला विल्सनने पुन्हा बसवून दिली होती. हूकरचा ठेका या बँडच्या अंगात आधीपासून मुरलेला होता. आता ते मूळ झऱ्याशीच येऊन बसले.

ध्वनिमुद्रणासाठी हूकरला प्लायवूडच्या फळीवर बसवले होते. एक माइक त्याच्या आवाजाला, एक अ‍ॅम्प्लिफायरला आणि एक खास पायाच्या ठोक्यासाठी. अल्बमचा प्राण या तिसऱ्या माइकमध्ये आहे. पहिल्या तबकडीच्या पहिल्या बाजूला ड्रम नाहीत, बास नाही. बुटाचा दणका तेवढा ऐकू येतो आणि तो पुरून उरतो. मग विल्सन कधी हार्मोनिका, कधी पियानो, कधी गिटार घेऊन सोबतीला येतो. हेन्री व्हेस्टीनची गिटार, अँटोनियो दे ला बारेडाचा बास आणि फितो दे ला पाराचे ड्रम यांसह सगळा बँड दुसऱ्या तबकडीवर उतरतो. हाइट हा बँडचा गायक. पण इथे त्याने गाणे पूर्णपणे हूकरवर सोडले आणि निर्मितीची बाजू सांभाळली. हा समंजसपणा फार मोलाचा ठरला.

ब्लूजचे रूढ आवर्तन बारा मात्रागटांचे असते. हूकर ते पाळत नसे. ओळ संपली की कॉर्ड बदलायची, मनात असेल तर बदलायचीच नाही. कधी अकरा गट, कधी साडेतेरा. भल्याभल्या वादकांची त्याच्या साथीला बसताना तारांबळ उडे. ‘बर्निंग हेल’मध्ये विल्सन काय करतो ते कान देऊन ऐकावे. हूकरचा श्वास कुठे तुटणार हे त्याला जणू आधीच ठाऊक असते. हार्मोनिका ओळीच्या शेपटाला बरोबर येऊन चिकटते आणि शब्द सुरू होताच बाजूला सरते. संगत कशी करावी याचा इतका चांगला नमुना रॉकमध्ये मला दुसरा ठाऊक नाही. हा पोरगा आपल्या मागे येतो तरी कसा, याचे नवल खुद्द हूकरने मुद्रणातच बोलून दाखवले आहे.

शेवटचे ‘बूगी चिलन नंबर २’ अकरा मिनिटांहून मोठे आहे. १९४८ मध्ये एका माणसाने पायाने धरलेला ठेका इथे पाच जण मिळून चालवतात. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत हूकरला स्थान मिळाले ते प्रथम या अल्बममुळे, तेही पहिल्या शंभरात. गोऱ्या तरुण श्रोत्यांच्या मोठ्या वर्गापर्यंत तो यातून पोहोचला.

विल्सनला मात्र तयार तबकडी पाहायला मिळाली नाही. ३ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, टोपांगा कॅन्यन येथे त्याचा मृत्यू झाला. मुखपृष्ठावर एका अंधाऱ्या खोलीत हूकर आणि बँडमधील मंडळी दिसतात. विल्सन आहे तो मागच्या भिंतीवर, चौकटीतल्या छायाचित्रात.