सोनं न वापरता सोनं

१४३१ साली स्पेनमधल्या आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने आपला व्हॅलेन्सियाचा चित्रकार लुईस दालमाऊ याला फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, धाडलं. पुढच्याच वर्षी तिथल्या घेंट शहरात चित्रकार यान व्हॅन आइकने आपल्या थोरल्या भावाने सुरू केलेलं भव्य वेदीचित्र (चर्चच्या वेदीवर उभारतात ते) पुरं केलं. दालमाऊवर त्याचा किती परिणाम झाला, हे बार्सिलोनाच्या नगरपरिषदेसाठी त्याने १४४५ मध्ये संपवलेल्या चित्रात दिसतं. मेरीपुढे पाच नगरसेवक गुडघे टेकून बसलेत, ओळखू यावेत अशा चेहऱ्यांचे. मागे गाणारे देवदूत मात्र सरळ घेंटहून आल्यासारखे!

स्पेनमध्ये तोवर रंग मुख्यतः अंड्याच्या बलकात कालवत. तो बघता बघता वाळतो, त्यामुळे एक छटा दुसरीत मिसळायला वेळच मिळत नाही. बारीक रेघा शेजारी शेजारी ओढाव्या लागतात. फ्लँडर्सचे चित्रकार जवसाचं तेल वापरत. (तैलरंग व्हॅन आइकनेच शोधला, ही दंतकथा. तेलात रंग घोटणं त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. त्याने ते कमालीचं साधलं.)

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि घट्ट, पारदर्शक थर बनतो. जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट पापुद्रा धरतो, तो याच क्रियेचा. शिवाय प्रकाश या तेलात जेवढा वळतो, जवळपास तेवढाच काही लाल आणि निळ्या रंगांच्या कणांतही वळतो. मग कण आणि तेल यांच्या सीमेवर तो फारसा विखुरत नाही. पातळ थरांतून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या अस्तरावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. मेरीचा झगा आतून उजळल्यासारखा वाटतो तो यामुळे.

एवढं असूनही बार्सिलोना दालमाऊच्या मागे गेलं नाही. पुढच्या पिढीत तिथे जाउमे उगेत या चित्रकाराचा बोलबाला झाला आणि त्याच्या वेदीचित्रांत उठावदार नक्षीचं सोनं भरपूर. गिऱ्हाइकांना झळाळी हवी होती, आणि मला यात त्यांचा अडाणीपणा दिसत नाही. मेणबत्तीच्या उजेडात थरथरणारा सोन्याचा वर्ख तैलरंगाला भारीच पडत असणार.

कोर्दोबाच्या बार्तोलोमे बेर्मेहो या चित्रकाराने मात्र सोनं आणि तैलरंग दोन्ही एकाच फळीवर आणलं. १४६८ चा त्याचा सैतानाला तुडवणारा संत मायकेल आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पार्श्वभूमीला खरं सोनं, चपटं आणि शांत. मायकेलचं चिलखतही सोनेरी, पण ते नुसत्या रंगाचं. त्याच्या छातीवर बुरुजांचं एक अख्खं शहर प्रतिबिंबित झालंय. आणि नजर जाते ती या रंगवलेल्या सोन्याकडेच.