अँपार्फे: फ्रेंचमधलं ‘होता’, ‘जायचा’ आणि ‘करत होता’
(आमच्या फ्रेंच वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी माहितीपत्रक)

आटपाट नगर होतं. तिथे एक राजा राज्य करत होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, एक नावडती. एके दिवशी काय झालं…

ही सुरुवात मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांच्या कानात बसलेली असते. तिच्यात दोन प्रकारचे भूतकाळ आहेत. ‘होतं’, ‘राज्य करत होता’, ‘होत्या’ हा कथेमागचा पडदा, म्हणजे तिथली सगळी परिस्थिती. ‘झालं’ आलं की पडद्यापुढे काहीतरी घडतं. फ्रेंचमध्ये पडद्याच्या भूतकाळाला अँपार्फे म्हणतात आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीच्या भूतकाळाला पासे कोंपोझे. फ्रेंच परीकथाही अँपार्फेनेच सुरू होते: ‘इल एते त्यून फ्वा’, म्हणजे ‘एकदा काय होतं’.

हे पत्रक काढण्याचं कारण सांगतो. आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतात आणि मग त्याचं फ्रेंच करतात. अँपार्फेच्या बाबतीत हा वळसा महागात पडतो. ‘गेलो’ आणि ‘जायचो’ या दोन्हींसाठी इंग्रजीत बऱ्याचदा एकच क्रियापद चालतं, त्यामुळे फ्रेंचला हवा असलेला फरक वाटेतच हरवतो. मराठीत तो क्रियापदातच ऐकू येतो. शाळेच्या व्याकरणात आपण अपूर्ण भूतकाळ (लिहीत होतो) आणि रीतिभूतकाळ (लिहीत असे) शिकलो. फ्रेंचमध्ये या दोन्हींचं काम एकटा अँपार्फे करतो. अँपार्फे या शब्दाचा अर्थही ‘अपूर्ण’ असाच आहे. म्हणून आमचा आग्रह आहे की या धड्यापुरती तरी इंग्रजी बाजूला ठेवा आणि थेट मराठीतून फ्रेंचमध्ये या.

रूप कसं बनवायचं

(फ्रेंच शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग वर्गातल्या वहीतून पक्कं करा.)

वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्या. त्याच्या शेवटचं ‘ओं’ काढा. उरतं ते अंग. नू पार्लों (आम्ही बोलतो) मधून ‘पार्ल’ हाती येतं. त्याला हे प्रत्यय लागतात (झ म्हणजे मी, त्यु तू, इल तो, एल ती, ओं आपण, वू तुम्ही):

झ पार्ले: ए-आय-एस
त्यु पार्ले: ए-आय-एस
इल, एल, ओं पार्ले: ए-आय-टी
नू पार्लियों: आय-ओ-एन-एस
वू पार्लिये: आय-ई-झेड
इल, एल (अनेकवचनी) पार्ले: ए-आय-ई-एन-टी

सहापैकी चार रूपं कानाला सारखीच. लिहिताना तीन तऱ्हेची, बोलताना एकच. मुंबईकरांना तर ‘पार्ले’ विसरणं शक्यच नाही.

वर्तमानकाळात रडवणारी अनियमित क्रियापदं इथे मुकाट्याने नियम पाळतात. ‘घेणे’चं नू प्रनों, म्हणून झ प्रने. ‘पिणे’चं नू ब्यूवों, म्हणून झ ब्यूवे. ‘जवळ असणे’चं नू आवों, म्हणून झावे. ‘करणे’चं नू फझों, म्हणून झ फझे. या शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग एफ-ए-आय ने सुरू होतं, पण पहिलं अक्षर ‘फे’ नाही, ‘फ’ म्हणायचं. अपवाद एकच: एत्र, म्हणजे ‘असणे’. त्याचं अंग ‘एत’: झेते, त्यु एते, इल एते, नू एतियों, वू एतिये. ‘पाऊस पडणे’सारख्या क्रियापदांना ‘आम्ही’चं रूपच नसतं. त्यांची इल प्लवे (पाऊस पडत होता) आणि इल फाले (करणं भाग होतं) ही रूपं तशीच पाठ करा.

स्पेलिंगच्या दोन जागा मात्र जपा. माँझे (खाणे) मध्ये जी चा उच्चार ‘झ’ राहावा म्हणून ए-आय च्या आधी एक ई ठेवावा लागतो. नू माँझियों मध्ये आय आपणच ते काम करतो, म्हणून तिथे ई नाही. कोमाँसे (सुरू करणे) मध्ये सी खाली शेपूट देण्याचं कारणही तेच. दुसरी जागा एत्यूदिये (अभ्यास करणे). त्याच्या अंगातच शेवटी आय आहे, त्यामुळे नू आणि वू च्या रूपात दोन आय शेजारी येतात. ती छपाईची चूक नाही.

जुन्या फ्रेंच पुस्तकांची छायाचित्रं पाहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे याच प्रत्ययात ए-आय ऐवजी ओ-आय दिसेल. लेखक व्होल्तेरने अठराव्या शतकात ए-आय चा आग्रह धरला होता, पण फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात तो स्वीकारला 1835 च्या सहाव्या आवृत्तीत. क्रियापद तेच आहे, फक्त पोशाख जुना.

ऐकताना होणारा घोळ

‘झ पार्ले’ (मी बोलत होतो) आणि ‘झे पार्ले’ (मी बोललो). लिहून पाहिलं तर दोन वेगळी वाक्यं, पण ऐकताना फरक बराचसा ‘झ’ आणि ‘झे’ एवढाच. अँपार्फेचा शेवटचा स्वर थोडा उघडा, ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या मधला. तरीही कान ठेवायचा तो क्रियापदाच्या सुरुवातीकडे. श्रवण परीक्षेत गुण जातात ते इथेच, म्हणून आम्ही या जोड्या पुन्हा पुन्हा म्हणून घेतो. कंटाळा आला तरी टाळू नका.

वापर: मराठी कुठे हात देते

सवयीसाठी: ‘काँ झेते पती, नू आलियों आ ला मेर तू लेझेते’, म्हणजे ‘लहान असताना आम्ही दर उन्हाळ्यात समुद्रावर जायचो’. मराठीत ‘-यचो, -यचा’ आलं की डोळे मिटून अँपार्फे. चालू असलेल्या कामात दुसरं काही घडलं तर: ‘झ दोर्मे काँ ल तेलेफोन आ सोने’, म्हणजे ‘मी झोपलो होतो तेवढ्यात फोन वाजला’. झोप अँपार्फेमध्ये, फोन पासे कोंपोझेमध्ये.

आम्हाला सगळ्यात आवडणारी जागा म्हणजे नम्रता. दुकानात आपण म्हणतो, ‘एक किलो साखर हवी होती’. साखर तर आत्ता हवी असते, मग ‘होती’ कशाला? मागणी जरा मऊ व्हावी म्हणून. फ्रेंच माणूसही नेमकं तेच करतो: ‘झ वूले वू दमाँदे…’, ‘तुम्हाला विचारायचं होतं…’. सुचवतानाही तसंच. ‘सिनेमाला गेलो तर?’ याला फ्रेंच उत्तर ‘सी ओनाले ओ सिनेमा?’. दोन्ही भाषांत रूप भूतकाळाचं, बेत पुढचा.

काही क्रियापदांचा अर्थच काळाबरोबर बदलतो, आणि तिथे मराठीत चक्क दोन वेगळे शब्द आहेत. झ सावे म्हणजे ‘मला माहीत होतं’, झे स्यू म्हणजे ‘मला कळलं’. ‘ओळखत होतो’ आणि ‘ओळख झाली’ यांची जोडीही तशीच.

मराठी कुठे फसवते

आता सावधगिरीच्या जागा. इथे आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या लाल होतात.

पहिली, ‘होतो’ दिसला की अँपार्फे असं समजणं. ‘मी काल लिओंला गेलो होतो’ असं आपण सहज म्हणतो, पण सांगायचं असतं फक्त ‘गेलो’ एवढंच. फ्रेंचमध्ये तिथे पासे कोंपोझे.

दुसरी, मोजलेला काळ. ‘मी काल दिवसभर वाचत होतो’, ‘दोन वर्षं तिथे काम करत होतो’. मराठीत अपूर्ण भूतकाळ अगदी नैसर्गिक वाटतो. पण फ्रेंच माणसाच्या दृष्टीने दिवसभर किंवा दोन वर्षं म्हटलं की त्या कामाला कुंपण पडलं आणि ते पूर्ण झालं. म्हणून पासे कोंपोझे. हे एका बैठकीत अंगवळणी पडत नाही, वेळ द्या.

तिसरी, ‘असता तर’. ‘वेळ असता तर मी पॅरिसला गेलो असतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असता’, म्हणून मुलं फ्रेंचमध्येही दोन्हीकडे एकच रूप ठेवतात. फ्रेंचमध्ये ‘सी’च्या (म्हणजे ‘जर’च्या) बाजूला अँपार्फे आणि दुसऱ्या बाजूला कोंदिस्योनेल, म्हणजे संकेतार्थी रूप: ‘सी झावे ल ताँ, झिरे आ पारी’. कोंदिस्योनेलचे प्रत्ययही अँपार्फेचेच, फक्त त्यांच्या आधी ‘र’ येतो. फ्रेंच मुलांना यासाठी एक ओळ शिकवतात: ‘ले सी नेम पा ले रे’. वरवरचा अर्थ ‘करवतींना पाकट मासे आवडत नाहीत’, आतला अर्थ ‘सी’च्या शेजारी ‘रे’ नको.

खुणेच्या शब्दांच्या याद्या पाठ करू नका, ही पालकांनाही विनंती. ‘तूझूर’ (नेहमी) आला की अँपार्फे, ‘इयेर’ (काल) आला की पासे कोंपोझे, असं गाइडांत छापलेलं असतं. पण ‘इयेर इल फझे बो’ (काल हवा छान होती) यात काल आहे आणि अँपार्फेही आहे. ‘झे तूझूर एमे…’ (मला नेहमीच आवडत आलंय…) यात नेहमी आहे आणि पासे कोंपोझे आहे. शब्द शोधण्यापेक्षा स्वतःला विचारा: हा पडदा आहे की घटना?

डेल्फ ए-2 या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या लेखन विभागात एखादा प्रसंग किंवा स्वतःचा अनुभव लिहायला सांगतात. नुसत्या घटनांची माळ ओवली तर उत्तर कोरडं होतं. दोन-तीन वाक्यं हवेची, जागेची, माणसांच्या मनःस्थितीची घाला. ती सगळी अँपार्फेमध्ये येतील.

पुढच्या तासाला येताना घरातला एक जुना फोटो आणा, शक्यतो आजी-आजोबांच्या काळातला. त्यात कोण होतं, कुठे उभं होतं, अंगावर काय होतं, तेव्हा ते कुठे राहायचे, काय काम करायचे, हे आधी मराठीत घरच्यांकडून ऐकून लिहून आणा. वर्गात आपण त्याचं फ्रेंच करू. आणि फोटो काढून झाल्यावर त्या दिवशी काही घडलं असेल, तर तेही विचारून या. पासे कोंपोझेसाठी ते लागेल.